मोल तेच? घानाच्या सेदीची साठ वर्षे

१ जुलै २००७ रोजी घानाने आपल्या चलनातली चार शून्ये काढून टाकली. कालपर्यंतचे १०,००० सेदी म्हणजे आजचा १ घाना सेदी, असा साधा हिशेब होता. तो लोकांच्या गळी उतरावा म्हणून मध्यवर्ती बँकेने ‘मोल तेच आहे’ ही घोषणा देशभर पोहोचवली. त्या दिवशी नवा सेदी अमेरिकी डॉलरपेक्षा किंचित वरचढच होता. बरोबर १५ वर्षांनी, १ जुलै २०२२ रोजी, याच देशाच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार ठोठावत असल्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या डिसेंबरात महागाईचा दर ५४.१ टक्क्यांवर गेला होता आणि परकीय कर्जाच्या बऱ्याच मोठ्या भागाची फेड सरकारने थांबवली होती. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दोन निष्कर्ष आयते हाती येतात. एक म्हणजे, शून्ये काढणे ही निव्वळ रंगसफेदी होती. दुसरा त्याहून कडक: शून्ये काढली म्हणूनच भाव भडकले. घानाच्या चलनाचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर दोन्ही टिकत नाहीत. शून्ये काढल्याने महागाई येत नाही आणि जातही नाही. ती वह्या-खात्यांची साफसफाई आहे. पण ही साफसफाई करताना सरकार लोकांना एक जाहीर शब्द देते, आणि तो शब्द पाळला जातो की मोडला जातो हे नोटांच्या छापखान्यात नव्हे, अर्थसंकल्पात ठरते. घानाने आजवर अनेकदा नोटा बदलल्या. त्यांतली २००७ ची बदली सर्वांत प्रामाणिक होती. तरीही नंतरच्या १५ वर्षांत लोकांच्या हातातून जेवढे मोल निसटले, तेवढे उघड जप्तीतही कधी गेले नव्हते. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर मागे जायला हवे.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला तेव्हा तिथे ब्रिटिशांच्या पश्चिम आफ्रिकी चलन मंडळाचा पौंड चालत होता. या मंडळाची रीत अशी की वसाहतीत जेवढे चलन फिरवायचे, जवळजवळ तेवढेच स्टर्लिंग लंडनमध्ये राखून ठेवायचे. त्यामुळे भाव स्थिर राहत, पण शेतकऱ्यांच्या कोकोवर कमावलेला पैसा लंडनमध्ये गुंतून पडे आणि स्थानिक गरजेसाठी पतपुरवठा करण्याची मोकळीक कोणालाच नसे. स्वतंत्र देशाला हे जोखड नको होते, आणि ते रास्तच होते. १९५८ मध्ये घाना पौंड आला. जुलै १९६५ मध्ये एका घाना पौंडाला २.४ सेदी या दराने दशमान पद्धतीचा सेदी आला, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचा चेहरा होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. वर्षभरातच, १९६७ मध्ये, नवे चलन आले: १.२ जुने सेदी म्हणजे १ नवा सेदी. यात पौंडाशी हिशेब सरळ करण्याची सोय होती, पण मुख्य हेतू नोटेवरचा चेहरा पुसण्याचा होता. म्हणजे सुरुवातीच्या दोन्ही बदलांचा महागाईशी फारसा संबंध नव्हता. सत्ता कोणाची, हे नोटेवर लिहिणे एवढेच त्यांचे काम. त्यातून एक सवय मात्र रुजली. नवे सरकार आले की चलनाला हात घालायचा, आणि त्याखालचे जमाखर्च तसेच राहू द्यायचे.

ते जमाखर्च तेव्हाही बरे नव्हते. एन्क्रुमांच्या काळातल्या मोठ्या प्रकल्पांनी परकीय गंगाजळी संपवली होती आणि कोकोचे जागतिक भाव कोसळले होते. जुलै १९६७ मध्ये अवमूल्यन होऊन डॉलरला १.०२ सेदी असा दर ठरला. डिसेंबर १९७१ मध्ये पंतप्रधान कोफी बुसिया यांनी पुन्हा मोठे अवमूल्यन केले. महिना उलटायच्या आत, १३ जानेवारी १९७२ रोजी, कर्नल इग्नेशियस आचंपाँग यांनी सत्ता बळकावली, सेदीची किंमत पुन्हा वर चढवली आणि काही परकीय कर्जे फेडणार नाही असे ठणकावले. पुढच्या राज्यकर्त्यांनी यातून घेतलेला धडा चुकीचा होता, पण त्यांच्या दृष्टीने व्यवहार्य होता: अवमूल्यन करणाऱ्याची खुर्ची जाते. म्हणून अधिकृत दर १९७३ पासून १९७८ पर्यंत १.१५ वर गोठवून ठेवला गेला आणि सरकारची तूट मध्यवर्ती बँकेकडून उचल घेऊन भागवली गेली. १९७७ मध्ये महागाई ११६ टक्क्यांवर गेली. कागदावर सेदी मजबूत, बाजारात पाचोळा. याची सर्वांत मोठी किंमत कोको पिकवणाऱ्याने मोजली. सरकारी मंडळ त्याला गोठवलेल्या दराने सेदी देई. सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये किंवा टोगोमध्ये त्याच पोत्याचे सीएफए फ्रँकमध्ये कितीतरी जास्त मिळत. कोको चोरवाटांनी जाऊ लागला, कोणी झाडांकडे बघेनासे झाले. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांच्या वर गेलेले उत्पादन १९८३-८४ मध्ये १.५९ लाख टनांवर आले. साठेबाजी, काळा बाजार आणि वशिल्याच्या परवान्यांच्या या साऱ्या कारभाराला लोकांनी ‘कालाबुले’ असे नाव दिले. रोष मात्र छापखान्यावर निघाला नाही. तो निघाला बाजारात बसणाऱ्या बायकांवर.

मार्च १९७९ ची नोटाबदली या रोषाच्याच जोरावर झाली. आचंपाँग यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या जनरल फ्रेड अकुफो यांच्या सरकारने सीमा बंद केल्या आणि जुन्या नोटा बाद ठरवल्या. ५,००० सेदींपर्यंतच्या रोकडीला १० जुन्या सेदींचे ७ नवे मिळाले, त्यावरच्या रकमेला १० चे ५. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे २०१६ ची नोटाबंदी आठवेल, पण फरक लक्षात ठेवायला हवा. भारतात बँकेत भरलेली नोट खात्यात पूर्ण किमतीने जमा झाली. घानात सरकारने हातातल्या रोकडीचा तीस ते पन्नास टक्के भाग सरळ कापून घेतला. बाजारातला जादा पैसा शोषून घेतला की भाव उतरतील, असे त्यामागचे गणित होते. पण तूट तशीच होती, त्यामुळे शोषलेला पैसा पुन्हा छापला जाणार हे उघड होते. तीन महिन्यांत लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांच्या उठावाने अकुफो गेले. त्यांना आणि आचंपाँग यांना जून १९७९ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्टमध्ये सैनिकांनी राजधानी आक्रामधला मकोला बाजार जमीनदोस्त केला. महागाईचा उगम सरकारी तिजोरीत, आणि शिक्षा टोमॅटो-कापड विकणाऱ्या बायकांना. १९८१ च्या अखेरीस रॉलिंग्ज पुन्हा सत्तेवर आल्यावर १९८२ मध्ये ५० सेदींच्या नोटा रद्द झाल्या आणि ५०,००० सेदींच्या वरची बँक खाती गोठवली गेली. तीन वर्षांत दोनदा असा घाव बसल्यावर ‘नवी नोट’ हे शब्द लोकांच्या मनात कशाशी जोडले गेले असतील, याचा अंदाज करायला अर्थशास्त्र लागत नाही. २००७ मध्ये ‘मोल तेच आहे’ हे इतक्या मोठ्याने सांगावे लागले ते यामुळेच.

१९८३ हे तळ गाठण्याचे वर्ष. दुष्काळ, वणवे, नायजेरियाने एकदम हाकलून दिलेले दहा लाखांच्या आसपास घानावासी, आणि १२३ टक्के महागाई. त्याच वर्षी अर्थमंत्री क्वेसी बोचवे यांनी नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या पाठबळाने आर्थिक पुनरुभारणीचा कार्यक्रम हाती घेतला. डॉलरला २.७५ सेदी हा कागदी दर सोडून दिला गेला आणि १९८६ च्या आरंभी तो ९० वर पोहोचला. शून्ये साचायला इथून जोर आला, आणि म्हणून काही जण ती नाणेनिधीच्या खाती टाकतात. हे अर्धसत्य आहे. अवमूल्यनाने आयात महागली हे खरे. पण काळ्या बाजारातला दर त्याआधीच अधिकृत दराच्या कित्येक पटींवर गेला होता. सुधारणांनी फक्त लपवलेला आकडा पाटीवर आणला. पुढच्या शून्यांचा दोष मात्र देशातल्या राजकारणाकडे जातो. १९९२ मध्ये बहुपक्षीय निवडणुका आल्या, सरकारी नोकरांचे पगार भरघोस वाढले आणि मिळवलेली शिस्त एका वर्षात विस्कटली. मे १९९५ मध्ये १७.५ टक्के मूल्यवर्धित कराविरुद्ध लोक रस्त्यावर आले, कर मागे घ्यावा लागला आणि वर्षअखेर महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली. जे सरकार उघडपणे कर बसवू शकत नाही, ते महागाईच्या वाटेने तो वसूल करतेच. २००० हे आणखी एक निवडणुकीचे वर्ष: कोको आणि सोन्याचे भाव पडलेले, तेल महागलेले, डॉलर साडेतीन हजारांवरून सात हजारांपर्यंत चढलेला, आणि वर्षअखेर महागाई ४० टक्के. १९६७ मधल्या १.०२ पासून २००७ मधल्या नऊ हजारांच्या वरच्या आकड्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच ती चार शून्ये. चाळीस वर्षांच्या तुटीची ती थकबाकी होती.

आता २००७. हा निर्णय योग्य वेळी झाला का? माझ्या मते झाला, निदान तेव्हा दिसत होते त्यावरून. २००१ मध्ये जॉन कुफुओर यांच्या सरकारने अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीची सवलत मानहानी पत्करून घेतली. २००२ च्या कायद्याने बँक ऑफ घानाला, म्हणजे मध्यवर्ती बँकेला, स्वायत्तता मिळाली. गव्हर्नर पॉल अक्वा यांच्या काळात महागाई ४० टक्क्यांवरून १०-११ टक्क्यांपर्यंत उतरली. रोगी बरा होत आल्यावर बँडेज बदलावे, तसा हा क्रम होता. आणि गरज खरीच होती. सर्वांत मोठी नोट २०,००० सेदींची, तिची किंमत जेमतेम दोन डॉलर. पाच हजार डॉलरची जुनी मोटार घ्यायची तर साडेचार कोटींहून जास्त सेदी मोजावे लागत, म्हणजे २०,००० च्या नोटांची तेवीस बंडले. ती मोजायला माणसे, ठेवायला पिशव्या आणि सांभाळायला पहारा. बँकांची खाती, संगणकाची रकानेवारी, दुकानातली बिले, सगळीकडे शून्यांची गर्दी. नव्या चलनात तीच मोटार ५० च्या ९३ नोटांत बसली. नोटांच्या दर्शनी बाजूवर कोणा एका नेत्याऐवजी स्वातंत्र्यलढ्यातले सहा नेते आले, १ सेदीच्या पाठीवर आकोसोंबो धरण आले. सहा महिने जुन्या-नव्या नोटा बरोबरीने चालल्या. नोटा बदलून देताना कोणाच्या पैशाला कात्री लागली नाही, कोणाचे खाते गोठले नाही. १९७९ ची आठवण असलेल्या देशात ही साधी गोष्ट नव्हती. सरकारने नोट बदलली आणि खरोखरच कोणाचे काही घेतले नाही, हे त्या पिढीने पहिल्यांदा पाहिले.

तरीही आक्षेप उठला, आणि तो सरसकट झटकून टाकण्याजोगा नाही. विक्रेत्यांनी भाव वरच्या आकड्यात बसवले, चार हजारांच्या वस्तूचे ४० पेसेवांऐवजी (१०० पेसेवांचा एक नवा सेदी) ५० केले. लहान आकडे बघून लोकांचा हात सैल सुटला. म्हणून शून्यांनी महागाई आणली, असे हे म्हणणे. असे काही ठिकाणी झाले असणार यात शंका नाही. पण असा परिणाम एकदाच होतो. भाव एकदा वर सरकतो आणि तिथे थांबतो. तो दरवर्षी सरकत राहायला दुसरे काही इंधन लागते. युरोपात २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या तेव्हाही सगळे महागल्याची लोकभावना प्रबळ होती. प्रत्यक्ष मोजणीत नोटाबदलीचा वाटा एक टक्क्याच्याही आत निघाला. घानात २००७ च्या अखेरीस महागाई १२.७ टक्के होती, २००८ च्या अखेरीस १८.१ आणि २००९ च्या मध्यावर २० च्या वर. हा चढ जगभरच्या तेल आणि धान्याच्या भाववाढीशी आणि २००८ च्या निवडणुकीतल्या सरकारी खर्चाशी तारीखवार जुळतो. त्याहून पक्का पुरावा पुढचा आहे. २०१० च्या मध्यापासून २०१२ च्या अखेरीपर्यंत महागाई एक आकडी राहिली, त्याच नोटांसह, त्याच पेसेवांसह. दोष नोटेत असता तर तो अडीच वर्षे दडून बसला नसता.

मग दोष कुठे होता? नव्या सेदीची प्रतिष्ठा ज्या कामी लावली गेली तिथे. नोटा बदलून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा घानाने आंतरराष्ट्रीय बाजारात ७५ कोटी डॉलरचे रोखे विकले. कर्जमाफी नुकतीच मिळालेली, चलन डॉलरच्या बरोबरीचे, जून २००७ मध्ये समुद्रात तेल सापडलेले. जगाने आनंदाने पैसे दिले. कर्ज डॉलरमध्ये, कमाई सेदीत, हा पेच तेव्हा कोणाला बोचला नाही. १ सेदीच्या नोटेवरच्या आकोसोंबो धरणात त्या वर्षी पुरेसे पाणी नव्हते आणि शहरांत आळीपाळीने अंधार होता, ही गोष्टही खरे तर सांगत होती की पाया अजून कच्चा आहे. त्यानंतर निवडणुकांचे चक्र नेमाने फिरले. २०१२ मध्ये सरकारी पगारांच्या नव्या श्रेणी आणि निवडणूक एकत्र आल्या, तूट सकल उत्पादनाच्या १० टक्क्यांच्या पुढे गेली. २०१४ मध्ये महागाई १७ टक्के झाली आणि २०१५ मध्ये नाणेनिधीचा कार्यक्रम घ्यावा लागला. २०१६ मध्ये कायदा झाला की मध्यवर्ती बँकेने सरकारला आदल्या वर्षीच्या महसुलाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त उचल देऊ नये. २०१८ मध्ये दुसरा कायदा झाला की तूट सकल उत्पादनाच्या ५ टक्क्यांच्या आत हवी. २०२० मध्ये महासाथ आली, निवडणूकही आली. तुटीचा कायदा स्थगित झाला आणि मध्यवर्ती बँकेने सरकारचे १० अब्ज सेदींचे रोखे उचलले. २०२२ मध्ये परकीय बाजार बंद झाल्यावर उचलीची मर्यादा कितीतरी ओलांडली गेली. कायदे होते, आकडे होते, स्वायत्तताही कागदावर होती. नव्हती ती निवडणुकीच्या वर्षी ‘नाही’ म्हणणारी संस्था.

आता १९७९ आणि २००७ नंतरचा काळ तराजूत टाकू. १९७९ मध्ये रोकड बाळगणाऱ्याचे १० सेदी ७ झाले किंवा ५ झाले. २००७ च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंतच्या वर्षावर्षाच्या अधिकृत महागाईदरांचा गुणाकार केला तर भाव सुमारे आठपट झाले. म्हणजे फडताळात ठेवलेल्या १० सेदींची खरेदीशक्ती सव्वा सेदी उरली. डॉलरच्या मापाने पाहिले तर २०२४ च्या अखेरीस एका डॉलरला जवळपास १५ सेदी पडत होते. काढलेल्या चार शून्यांपैकी एक सतरा वर्षांत परत आले. ५० ची नोट २००७ मध्ये ५४ डॉलरची होती, २०१९ मध्ये ती ९ डॉलरवर आली होती आणि तेव्हा १०० आणि २०० च्या नोटा काढाव्या लागल्या. एका टोकाला मोठी नोट वाढत गेली, दुसऱ्या टोकाला १ पेसेवाचे नाणे व्यवहारातून नाहीसे झाले. यावर कोणी म्हणेल, ही तुलना अन्यायाची आहे. १५ वर्षांत पगार वाढले, व्याज मिळाले, कोणी पैसा फडताळात ठेवत नाही. बरोबर, आणि नेमका इथेच प्रश्न आहे. महागाईपासून पळायला वाट लागते. ज्याला डॉलर विकत घेता येतात, जमीन घेता येते, सरकारी हुंड्यांवर वीस-पंचवीस टक्के व्याज मिळवता येते, तो सुटतो. रोज संध्याकाळी सुसू गोळा करणाऱ्याच्या हाती, आपल्याकडे पिग्मी एजंटाच्या हाती द्यावेत तसे, चार पैसे ठेवणारी बाजारातली बाई सुटत नाही. महिनाअखेरीस तिला मुद्दल मिळते, व्याज नाही.

आणि शेवटी पळवाट असलेलेही सापडले. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने देशांतर्गत रोख्यांच्या अदलाबदलीची योजना आणली: जुन्या रोख्यांच्या बदल्यात कमी व्याजाचे, लांब मुदतीचे नवे. निवृत्तिवेतनाची पुंजी रोख्यांत ठेवलेले वृद्ध अर्थ मंत्रालयासमोर बसले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्यांच्यात येऊन उभ्या राहिल्या. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीला आपल्याच सरकारने दिलेल्या लेखी वचनासाठी रस्त्यावर यावे लागते, तेव्हा चलनावरच्या विश्वासाबद्दल वेगळे काही मोजायला नको. त्याच घडामोडीत बँक ऑफ घानाने २०२२ साठी ६०.८ अब्ज सेदींचा तोटा दाखवला. त्याचा मोठा भाग सरकारला दिलेल्या आणि बुडीत धराव्या लागलेल्या पैशांचा होता. १९७९ चे सरकार निदान दिवसाढवळ्या हात घालत होते, म्हणून लोकांना तो गुन्हा वाटला. पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने त्याहून जास्त गेले आणि त्याला ‘परिस्थिती’ म्हटले गेले.

परिस्थितीचा हा बचाव मात्र नीट तपासायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. महासाथ घानाने आणली नव्हती, युक्रेनमधले युद्धही नाही, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर चढल्यावर गरीब देशांतून पैसा बाहेर पळाला हेही खरे. पण शेजारच्या आयव्हरी कोस्टला हेच धक्के बसले. तोही कोकोवर जगणारा देश, तोही गहू बाहेरून आणतो. तिथे २०२२ मधली महागाई ५ टक्क्यांच्या आसपास राहिली. हा फरक मोठा आहे, आणि तो बघून लगेच दुसरा निष्कर्ष निघतो की घानानेही युरोला बांधलेला सीएफए फ्रँक किंवा तसेच काही घ्यावे. मला हे पटत नाही. त्या स्थैर्याची किंमतही चुकवावी लागली आहे. जानेवारी १९९४ मध्ये त्या फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्म्यावर आणली गेली आणि तो निर्णय ज्यांच्या खिशाला बसला त्यांच्या हातात नव्हता. पश्चिम आफ्रिकेच्या सामाईक ‘इको’ चलनाच्या तारखा वर्षानुवर्षे पुढे जात आहेत. १९५८ मध्ये स्वतःचे चलन घेण्यात घानाची चूक नव्हती. लंडनच्या मंडळाकडे असलेला लगाम काढला, तो घरच्या कोणत्या संस्थेच्या हाती द्यायचा हे मात्र कधी ठरलेच नाही.

इतरांचे अनुभव याच दिशेला बोट दाखवतात. ऑगस्ट २००७ मध्ये, घानाच्या पाठोपाठ, नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर चार्ल्स सोलुडो यांनी नायरातली दोन शून्ये काढण्याचा बेत जाहीर केला आणि सरकारने तो काही दिवसांतच थांबवला. नायराची शून्ये राहिली, पण त्यामुळे नायराची घसरण थांबली नाही आणि वाढलीही नाही. सिएरा लिओनने २०२२ मध्ये, योगायोगाने १ जुलैलाच, आपल्या लिओनमधली तीन शून्ये काढली. महागाई तेव्हाच चढती होती, पुढच्या वर्षी तिने ५० टक्के ओलांडले. तुर्कस्तानने जानेवारी २००५ मध्ये सहा शून्ये काढली, आधी बँकेला स्वायत्तता दिली, महागाई एक आकडी केली, आणि दहा वर्षे हा प्रयोग आदर्श म्हणून मिरवला. मग राज्यकर्त्यांनी त्याच बँकेचा हात पिरगाळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच लिरामध्ये महागाई ८५ टक्क्यांवर गेली. चलन एकच, शून्ये तेवढीच, निकाल दोन. कारण शोधायला नोटेबाहेरच जावे लागते.

म्हणजे २००७ चा खटाटोप वायाच गेला का? नाही. हिशेब सुटसुटीत झाले, बँका आणि मोबाइलवरचे व्यवहार वाढायला वाट मोकळी झाली, आणि मुख्य म्हणजे सरकारच्या हातून नोटबदल निर्धोक होऊ शकतो हे लोकांनी पाहिले. आणखी एक अनपेक्षित फायदा झाला. डॉलरच्या बरोबरीने सुरू झालेल्या चलनाची घसरण लपवता येत नाही. नऊ हजारांचे दहा हजार झाले तर डोळ्यांत भरत नाही. एकाचे पंधरा झाले तर शाळकरी मुलालाही कळते. नव्या सेदीने राज्यकर्त्यांना शिस्त लावली नाही, पण त्यांची बेशिस्त मोजण्याची सोपी पट्टी नागरिकांच्या हाती दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकेविरुद्ध लोक आक्राच्या रस्त्यांवर आले. चलनधोरण हा मोर्चाचा विषय होणे ही लहान गोष्ट नाही.

नाणेनिधीचा तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मे २०२३ मध्ये मंजूर झाला. अशा कार्यक्रमांतला तो सतरावा धरला जातो. डिसेंबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताबदल होऊन माजी राष्ट्राध्यक्ष जॉन महामा परत आले. २०२५ मध्ये सेदी झपाट्याने सावरला, मे महिन्यात डॉलर दहाच्या आसपास उतरला, आणि सप्टेंबरमध्ये महागाई ९.४ टक्क्यांवर, चार वर्षांत प्रथमच एक आकड्यात आली. यात खर्चाला घातलेला आवर आहे, तसा सोन्याच्या विक्रमी भावांचाही मोठा हात आहे, आणि सोन्याचा भाव आक्रामध्ये ठरत नाही. २०१० मध्येही असेच चित्र होते आणि २००६ मध्येही. दोन्ही वेळा सावरलेले चलन पुढच्या निवडणुकीने खाल्ले. म्हणून आताच्या स्थैर्याचे मोल आजच्या दरावरून ठरवू नये. २०२८ मध्ये पुन्हा मतदान आहे. त्या वर्षी पगारवाढ, अनुदाने आणि अर्धवट रस्त्यांची उद्घाटने यांचा पैसा कुठून येतो, आणि बँक ऑफ घाना सरकारची जादा उचल नाकारते का, यावर कळेल की साठ वर्षांत घानाने फक्त नोटा बदलल्या की आणखीही काही.